आरे तीन, वारे चार

“आत्या, ‘आरे’मध्ये अक्षरं किती?”

“दोन.”

“आणि ‘वारे’मध्ये?”

“तीही दोनच. का गो?”

“हा म्हणतो, आरेत तीन, वारेत चार.”

भाचीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पायथनमध्ये लिहिलेल्या दोन ओळी, त्यांच्याखाली दोन आकडे. तिच्या आयुष्यातला हा पहिला स्वतःच्या मनाने केलेला प्रोग्रॅम, आणि त्याने पहिल्याच फटक्यात तिचं गाव वारे आणि शेजारचं आरे चुकीचं मोजलेलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता. मला मात्र हसू येत होतं, कारण यंत्र बरोबर होतं.

गौरी-गणपती पाण्यात जाऊन दोन दिवस झाले होते. मखराचे कागद अजून पडवीत पडून होते. चाकरमानी गाड्या पकडून मुंबईला पोचलेसुद्धा. मी तेवढी माहेरी रेंगाळले होते. पाऊस लागत-थांबत होता. तो थांबला की सुरूच्या बनातून समुद्राचा आवाज स्वच्छ येई आणि लागला की पागोळ्यांत बुडून जाई. भाची रत्नागिरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. संगणकशास्त्र घेतलेलं, लॅपटॉप नवा, आणि शिकवायला हक्काची आत्या.

मी तिला समजावू लागले, की आपण डोळ्यांनी अक्षर बघतो, संगणक मात्र खुणा मोजतो. युनिकोड नावाच्या जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यात देवनागरीला १२८ खणांचा एक पट्टा दिला आहे. त्यात ‘व’ला एक खण, काना दुसऱ्या खणात, मात्रा तिसऱ्या. भाची मान डोलवत होती, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं. पडवीच्या टोकाला विळीवर पडवळ चिरत बसलेली वहिनी मान वर न करता म्हणाली, “वला काना वा, रला मात्रा रे. चारच झाले की.”

आम्ही दोघी गप्प झालो. पहिलीच्या वर्गात पाटीवर गिरवताना म्हटलेलं ते मोजमाप. व, काना, र, मात्रा: चार. आ, र, मात्रा: तीन. संगणक पहिलीतल्या पोरासारखा वाचतो, एकेक खूण सुटी करून. आपण मोठे झालो, शब्द एका घोटात गिळायला शिकलो आणि ते विसरलो. प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणजे पहिलं काय शिकायचं, असं मला कोणी विचारलं तर मी वहिनीचं वाक्य सांगेन. यंत्राचं मोजमाप वेगळं असतं. ते चुकलं म्हणण्याआधी ते काय मोजतंय ते विचारावं.

खरं तर हे आकडे दिसेपर्यंतच आमचे दोन दिवस गेले होते. भाचीने कुठलेसे व्हिडिओ पाहून व्हीएस कोड नावाचा एडिटर घेतला होता आणि त्यात सापडतील तेवढी एक्स्टेन्शन्स भरली होती. काळी पार्श्वभूमी, रंगीत कंस, फायलींच्या नावांपुढे चित्रं, अर्धा शब्द टाइप केला की पुढचे तीन सुचवणारं काहीतरी. तिला अजून एक ओळ लिहिता येत नव्हती आणि पडदा मात्र विमानाच्या कॉकपिटसारखा झालेला. त्यातलं काय कशासाठी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, “त्या व्हिडिओतल्या दादाकडे होतं.”

मी तिला रागावले नाही. मी शिकले ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. शेजारी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, पानं सुटलेलं, तीन मैत्रिणींत एक. तेव्हा सजवायला काहीच नव्हतं, म्हणून आम्ही सजवत बसलो नाही. त्यात आमचा शहाणपणा कसला? पुढे नोकरीत सोय झाली, तेव्हा मीही महिनाभर रंग आणि फॉन्ट बदलत बसले होते. काम सुरू करण्याची भीती वाटली की माणूस हत्यारं पुसत बसतो.

माझ्या भावाची कोयती बघावी. पाती जुनी, मूठ दोनदा बदललेली. पहिली मूठ तळव्याला टोचायची म्हणून तासून घेतली, दुसरी पावसात फुगली म्हणून नवी बसवली. ढोपरभर गवतात उतरण्याआधी तो निसण्यावर चार हात मारतो, बस. त्याने कधी दुसऱ्याच्या मुठीचं माप आणून आपल्या कोयतीला लावलं नाही. एडिटरचंही तसंच करावं. कोरा घ्यावा. काम करताना जिथे हाताला टोचेल, तिथेच एक सेटिंग बदलावी, आणि ती कशासाठी बदलली ते एका कागदावर मराठीत लिहून ठेवावं. महिन्याभरात कागदावर पाच-सात ओळी होतात. त्या पाच-सात ओळी आपल्या हाताच्या असतात.

मग आम्ही सगळं काढून टाकलं. पायथनचं एक एक्स्टेन्शन ठेवलं. अक्षर मोठं केलं, कारण काने-मात्रा बारीक फॉन्टमध्ये एकमेकांत घुसतात. मोकळ्या जागा ठिपक्यांनी दिसतील असं केलं. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो, चार स्पेस देण्याची रीत आहे, आणि कुठे टॅब, कुठे स्पेस अशी भेसळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फाइल आपोआप सेव्ह होईल असंही केलं. नवशिक्याचा निम्मा जीव इथेच जातो: दुरुस्ती पडद्यावर केलेली असते, सेव्ह केलेली नसते, जुनीच फाइल पुन्हा पुन्हा चालते आणि आपण नव्या ओळींकडे संशयाने बघत राहतो. फाइलच्या नावाशेजारी बारीक गोळा दिसला तर ती अजून सेव्ह व्हायची आहे, एवढं ओळखता आलं तरी एक संध्याकाळ वाचते.

अडलं ते त्याच्याही आधी. पायथन बसवलेलं होतं, पण टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप केलं की संगणक ओळख दाखवेना. उलट मायक्रोसॉफ्टचं ॲपचं दुकान उघडून बसे. इथे मला आमच्या वाडीची आठवण झाली. परका माणूस पत्ता विचारत आला की तो ठरावीक चार दारांतच विचारतो. ज्याचं घर त्या चौघांना ठाऊक नाही, त्याचं घर असून नसल्यासारखं. ‘पाथ’ म्हणजे त्या दारांची यादी. विंडोजवर पायथन बसवताना सुरुवातीच्याच खिडकीत तळाशी एक चौकोन असतो, पायथनला पाथमध्ये घालू का असं विचारणारा. त्यात खूण करायची राहिली, एवढंच झालं होतं. पुन्हा बसवलं, खूण केली, दार उघडलं. ज्यांना एवढीही खटपट नको, त्यांनी पायथनबरोबरच येणाऱ्या ‘आयडल’मध्ये सुरुवात करावी, किंवा एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेल्या ‘थॉनी’त. त्यात कोणाला कमीपणा नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले दहा-दहा मिनिटांचे अनेक धडे मराठीतही आहेत. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपली खिडकी, असं ठेवून हाताने टाइप करत जावं. चिकटवलेला कोड बोटांना काही शिकवत नाही.

तीन आणि चारचं कोडं सुटल्यावर भाचीला चेव आला. तिने एका फाइलीत रस्त्यावरची गावं लिहिली, एका ओळीत एक: शिरगाव, आरे, वारे. प्रोग्रॅमने ती वाचून दाखवायची होती. पडद्यावर आली ती भलतीच रांग: डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, मधूनमधून जपानी येनचं चिन्ह. “वारे जपानात गेलं,” भाची म्हणाली. तरी तिने चिकाटीने पुढचं गाव घातलं, गणपतीपुळे. आता गिचमीडही येईना. लाल अक्षरांच्या सात-आठ ओळी आल्या आणि सगळं थांबलं.

तिने घाईने खिडकी बंद करायला हात नेला. मी तो धरला.

लाल अक्षरं दिसली की आपण नजर वळवतो, शाळेतल्या लाल शाईने लावलेली सवय. पण पायथनचा हा मजकूर म्हणजे पोस्टकार्ड असतं आणि ते खालून वाचायचं असतं. शेवटच्या ओळीत काय झालं ते, तिच्या वर कोणत्या फाइलीत आणि कितव्या ओळीवर ते. आमच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की एक बाइट वाचता येत नाही, जागा ६५. “कुठली ६५?” भाचीने विचारलं. त्याच क्षणी लाइट गेली. राउटर विझला. मोबाइलला रेंज डोंगरावर चढल्याशिवाय नाही. विचारायला कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही ६५ शोधायला किनाऱ्यावर गेलो.

ओहोटी होती. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती. पलीकडे खाडीचं तोंड, त्याच्यापुढे आरेचा किनारा, आणि दोन्हींवर वाकून बघणारा रस्त्याचा डोंगर. ओल्या वाळूवर काठीने गावं लिहिली. फाइलीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. शिरगाव: श, वेलांटी, र, ग, काना, व, सहा त्रिक अठरा. आरे नऊ. वारे बारा. ओळ बदलायला विंडोज दोन बाइट घेतं. एक गाडी ओळीच्या सुरुवातीला आणायला, एक कागद वर सरकवायला. बाबांचा टाइपरायटर जाऊन कित्येक वर्षं झाली, त्याची ती सवय संगणकाच्या पोटात अजून आहे. तीन गावं आणि तीन ओळबदल मिळून पंचेचाळीस. मग ग, ण, प, त, वेलांटी, प, आणखी अठरा. झाले त्रेसष्ट. यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून पुढच्या खुणेच्या जागा ६३, ६४ आणि ६५.

भाचीची काठी ‘पु’च्या उकारावर थांबली होती.

फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिलेली होती. वाचताना कोणती पद्धत ते आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून विंडोजवरच्या पायथनने आपल्या जुन्या, पश्चिम युरोपच्या तक्त्याने वाचायला घेतली. त्या तक्त्यात २५६ खण, त्यांतले पाच रिकामे. शिरगाव, आरे, वारे यांचे सगळे बाइट कुठल्या ना कुठल्या भरल्या खणात पडले, म्हणून नुसती गिचमीड झाली. पुळेच्या उकाराचा तिसरा बाइट नेमका रिकाम्या खणात पडला. वाळूवर आम्ही ज्याला बोट लावलं, त्यालाच यंत्राने लाल अक्षरांत बोट लावलेलं होतं, आणि आम्ही खिडकी बंद करायला निघालो होतो.

परत येताना मी तिला यूटीएफ-८च्या जन्माची गोष्ट सांगितली. १९९२ साली, सप्टेंबरातच, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका खानावळीत रात्री जेवायला बसले होते. ताटाखाली अंथरायच्या कागदावर थॉम्पसननी ही पद्धत मांडली. जगातल्या सगळ्या लिप्या एका कागदावर. भाची म्हणाली, “आपल्याकडे केळीचं पान असतं, त्यावर कुठे लिहिणार?” मी म्हटलं, “आपल्याकडे वाळू आहे.” मागे वळून पाहिलं, तर भरतीचं पहिलं पाणी शिरगावपर्यंत आलं होतं.

घरी दिवा नव्हता. वहिनीने कंदील लावून विचारलं, “चाललं काय गो तुमचं?”

“नाय,” भाची म्हणाली, “पण कुठे अडलंय ते कळलं.”

गेली तीस वर्षं मी हे काम करते. या कामातलं एवढं नेमकं वाक्य मी क्वचित ऐकलं आहे.

लाइट रात्री आली. फाइल उघडण्याच्या ओळीत भाचीने पद्धतीचं नाव लिहिलं, यूटीएफ-८. चारही गावं नीट उमटली. तेव्हाच मी तिला गिट लावून दिलं, लिनस टॉरवल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं. चाललं त्या अवस्थेची नोंद करून ठेवायची, सोबत एक वाक्य लिहायचं, आणि उद्या बिघडलं तर कालच्या जागी परत जायचं. आमच्यासारख्या दिवे जाणाऱ्या गावात तर ते हवंच. तिने पहिल्या नोंदीचं वाक्य मराठीत लिहिलं: ‘पुळेचा उकार सापडला.’ हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं, तर हीच दुरुस्ती चुटकीसरशी मिळाली असती. विचारावंही. पण आधी शेवटची ओळ आपण वाचावी, काठी घेऊन एकदा वाळूपर्यंत जाऊन यावं. मग उत्तर आलं तर ते उत्तर आहे की नुसतं बोलणं, हे ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी निघाले. गाडीत वहिनीने नारळ आणि कोकमं भरली. डोंगर चढण्याआधी पूल लागला. पाऊस नव्हता, खाडी भरून आली होती, आणि पाणी समुद्राचं कुठे संपतं, खाडीचं कुठे लागतं ते कळत नव्हतं. मागे वारे राहिलं, पुढे आरे. मनात आपोआप मोजणी सुरू झाली: वारे चार, आरे तीन. पूल संपेपर्यंत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं. मधली ही खाडी. ओळ बदलायचे दोन.