मोगऱ्याची झोप

डिसेंबर उजाडला की आमच्या अंगणातल्या कामातून एक बादली कमी होते. तुळशीला पाणी, गुलाबाला पाणी, वाफ्यातल्या मेथी-कोथिंबिरीला पाणी. कुंपणालगतच्या मोगऱ्याला मात्र थेंबही नाही. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. पानं मलूल दिसली म्हणून बादली उचलून निघाले, तर सासूबाईंनी ओट्यावरून हाक दिली, ‘‘पाणी घालू नकोस गं त्याला. झोपलाय तो.’’

शेतकरी ज्याला ताण देणं म्हणतात, ते हेच. डाळिंबाचं, संत्र्याचं पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, फांद्यांमध्ये अन्न साठतं, आणि ताण सोडून पाणी दिलं की नव्या पालवीबरोबर बहार फुटतो. मोगऱ्याची कळीही नव्या फुटव्याच्या टोकाला धरते. जुनी काडी नुसती उभी राहते. एका हिवाळ्यात सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. मला त्या झाडाची दया आली आणि मी रोज पाणी घातलं. झाड हिरवंगार राहिलं. एप्रिलमध्ये शेजारच्या अंगणातून संध्याकाळी मोगऱ्याचा वास यायचा आणि आमच्याकडे पानंच पानं. गजरा राहू दे, देवापुढे ठेवायला ओंजळभर कळ्याही निघाल्या नाहीत. परत आल्यावर सासूबाई रागावल्या नाहीत. झाडाकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘झोपू दिलं नाहीस त्याला.’’

तेव्हापासून थंडीतली बागकामं मी याच हिशेबाने करते. आधी बघायचं, कोण जागं आहे आणि कोण झोपलंय. पावसाळ्यात ही गरज पडत नाही. तेव्हा सगळंच वाढतं, तणसुद्धा. थंडीत मात्र आपण जेवढं करू तेवढंच उगवतं.

ऊनही जागा बदलतं. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दुपारीही जेमतेम 48 अंश वर चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत आतपर्यंत ऊन शिरतं आणि उन्हाळ्यात भाजणारा उत्तरेचा कोपरा थंडगार पडतो. कुंड्या कुठे ठेवायच्या हे पुस्तकात शोधू नये. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठवर आलं ते बघावं आणि कुंड्या तिकडे सरकवाव्यात.

जाग्या झाडांत पहिला गुलाब. त्याची छाटणी पाऊस पुरता गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर करायची. सुकलेली, आत वळलेली, एकमेकींना घासणारी काडी काढून टाकायची आणि राहिलेल्या प्रत्येक काडीवर बाहेर तोंड करून बसलेला डोळा शोधून त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा. कात्रीला धार हवी. चेंगरलेली काडी वरून काळी पडत खाली वाळत जाते. कलमाच्या सांध्याखालून जोमाने वर येणारा फुटवा दिसला, तर तो मुळापासून काढावा. तो आपल्या गुलाबाचा नसतो, खालच्या खुंटाचा असतो, आणि ठेवला तर दोन वर्षांत आपला गुलाब संपवतो. छाटणीनंतर शेणखत घालून पाणी दिलं की साधारण दीड महिन्यात, म्हणजे डिसेंबर लागता लागता पहिली टपोरी फुलं येतात.

कोथिंबिरीबद्दल लोक हमखास तक्रार करतात की उगवतच नाही. धणा हातात घेऊन नीट बघा. तो एक दाणा दिसतो, पण आत दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. लाटणं हलक्या हाताने फिरवून धणे दुभंगायचे, चुरा करायचा नाही, रात्रभर भिजवायचे आणि सकाळी पेरायचे. तरीही आठ-दहा दिवस मातीत काही दिसत नाही. शेजारची मेथी चौथ्या दिवशी वर येते, म्हणून माणसं कोथिंबिरीचा वाफा उकरून बघतात. उकरू नका. मेथी महिन्याच्या आत खुडायला येते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवस घेते, एवढाच फरक.

शेवंतीचं मला सर्वांत नवल वाटतं. रात्र लांबली की ती कळ्या धरते. आमच्या गल्लीत एका घराच्या फाटकाजवळ, रस्त्याच्या दिव्याखाली तिची कुंडी होती. नोव्हेंबर संपला तरी झाड नुसतं उंच होत होतं. खतं घालून झाली होती. ती कुंडी घरामागच्या अंधारात नेऊन ठेवायला सांगितलं आणि जानेवारीत ती पिवळीधमक झाली. दिव्याने तिच्यासाठी रात्र होऊच दिली नव्हती. फुलं संपली की झाड उपटू नये. दांडे खालपर्यंत कापावेत, बुंध्याशी काश्या फुटतात, पुढच्या वर्षीची रोपं त्यांचीच करायची.

पिटुनिया, झेंडू, डायंथस यांची रोपं मात्र दिवाळीच्या सुमाराला लावावीत. पुष्कळजण जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून हरखतात आणि येताना रोपं घेऊन येतात. मार्चच्या उन्हात ती महिन्या-दीड महिन्यात मान टाकतात.

पाणी सकाळी द्यावं, ऊन वाफ्यावर आल्यावर. संध्याकाळचं पाणी थंडीत रात्रभर पानांवर राहतं आणि रोगाला वाट मिळते. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं की पावट्याच्या शेंड्यावर मावा आलाच म्हणून समजावं. पान उलटून बघा: मुंग्यांची रांग दिसली तर मावा आहे, आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर फवारणी थांबवा, तो माव्यावरच जेवतो. तो नसेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. त्याहून जहाल औषध घरच्या भाजीवर मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुळशीचं लग्न झालं की तिच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडून बी कागदाच्या पुडीत ठेवावं. बी धरण्यात तिची ताकद संपते आणि थंडीत पानं झडून ती काडी होते.

आणि पाचोळा. याच महिन्यांत सोसायट्यांमधून सकाळी धूर निघतो, झाडलेली पानं पेटवलेली असतात. पान जमिनीतून जे घेतं ते जमिनीला परत द्यायला खाली पडतं. कृपा करून ते जाळू नका. एका जुन्या पिंपात भरा, अधूनमधून शिंपडा, मूठभर शेण किंवा आंबट ताक घाला. पुढच्या ऑक्टोबरात गुलाबाला घालायचं खत त्यातूनच निघेल.

भोगीच्या भाजीला आमच्याकडे पावटा आणि वांगी घरची असतात, बाकी सगळं मंडईतलं. ती भाजी चुलीवर चढली की मी मोगऱ्याकडे एक चक्कर मारते. पानं बरीचशी गळलेली असतात, काड्या करड्या. सासूबाई जाऊन आता सहा वर्षं झाली, त्यांनी लावलेलं झाड आहे ते. संक्रांत झाली की वाळक्या आणि बारीक काड्या छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती हलवून दोन पाट्या शेणखत मिसळायचं, आणि तरीही पाणी द्यायचं नाही. तुमचा मोगरा कुंडीत असेल तर काडी सुरकुतणार नाही इतपत, आठ-दहा दिवसांनी तांब्याभर द्या. जमिनीतल्याला तेवढीही गरज नाही.

यंदा आमच्या मोगऱ्याला शेवटचं पाणी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घातलं. पुढची बादली रथसप्तमीला.