विद्यार्थी सांभाळायची पदवी

मी एम.एस.डब्ल्यू. करून पनवेल परिसरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कामात आले. ‘मॅडम, तुमच्या कामासाठी काय शिकावं लागतं?’ असं हल्ली बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर सरळ या कामाच्या नावाची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे रुळलेलीच नाही. बहुतेक ठिकाणी हे काम भूगोलाच्या नाहीतर मराठीच्या सरांच्या गळ्यात पडतं. तास घेता घेता त्यांनीच एनएसएस बघायचं, रॅगिंगविरोधी समिती चालवायची, तक्रारी ऐकायच्या, युवा महोत्सवाला मुलं न्यायची. नॅकच्या मूल्यांकनाची वेळ आली की विद्यार्थी-सहाय्याच्या निकषाची फाईलही त्यांच्याच टेबलावर.

अमेरिकेत मात्र ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच मुलींच्या डीन होणाऱ्यांना रीतसर शिकवू लागले होते. 1937 साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने एक छोटी पुस्तिका काढली. विद्यार्थ्याच्या नुसत्या बुद्धीकडे नको, अख्ख्या माणसाकडे बघा, हे तिचं म्हणणं. आजही तिथली बरीच मुलं वसतिगृहात किंवा सल्ला केंद्रात अर्धवेळ काम करत ही दोन वर्षांची पदवी घेतात. आपली मराठी मुलंही जातात. जायला माझी ना नाही, पण तिथून आणलेलं सगळं इथे चालत नाही.

व्हिन्सेंट टिंटो यांचा 1975 चा सिद्धांत घ्या. मूल कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत मिसळलं नाही, तर ते मध्येच शिक्षण सोडतं, असा त्याचा गाभा. घर सोडून कॉलेजच्याच आवारात राहणारा विद्यार्थी त्यामागे गृहीत आहे. घरून ये-जा करणाऱ्या मुलांना तो कितपत लागू पडतो, हा आक्षेप तिथेही घेतला गेलाच. आमचा मुलगा घर सोडतच नाही. हार्बरच्या गाडीने नाहीतर एसटीने येतो, तास संपले की कळंबोलीच्या लोखंड बाजारात नाहीतर एखाद्या गोदामात पाळीला जातो. मिसळायला त्याला वेळ कुठला?

त्याहून अवघड गणित कातकरी मुलांचं. आधीच पदवीपर्यंत पोचतात थोडी. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. आमचं दुसरं सत्र नेमकं दिवाळीनंतरचं. मुलगी आईबरोबर भट्टीवर गेली की धाकटी भावंडं तिच्याकडे आणि हजेरीपत्रकावर लाल रेघ. 75 टक्के हजेरीचा नियम तिला आळशी ठरवून मोकळा होतो. तिला समुपदेशन देऊन काय होणार? तिला आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा हवी, आणि ती भट्टीवर निघण्याआधी, जुलै-ऑगस्टातच तिचा अर्ज भरून घेणारं कुणीतरी हवं.

म्हणून मी म्हणते, आपल्याकडे असा अभ्यासक्रम निघालाच तर पहिलं सत्र शिष्यवृत्तीच्या खिडकीवर काढायला लावा. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी न जोडलेलं बँक खातं. मुलं मनातलं दुखणं घेऊन समुपदेशकाकडे क्वचित येतात. कागद घेऊन मात्र सगळी येतात. उत्पन्नाचा दाखला का निघाला नाही हे नीट विचारलं, तर वडील दोन वर्षांपासून घरी नाहीत हे कळतं. ही चौकशी करायची हातोटी पुस्तकातून येत नाही, कुणाच्या तरी हाताखाली बसूनच येते.

आपल्याकडे शिकवण्याजोगं काही नाही, असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेचं. एनएसएसही 1969 पासून आहे. वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात चुलीपाशी कोण वाढतं, कोण भांडी घासतं, कुणाच्या ताटाशेजारी कुणी बसत नाही, हे ज्याला दिसतं त्याला वर्गातली जात वेगळी शिकवावी लागत नाही. यावर कुणी धड पाठ्यपुस्तक लिहिलेलं मला माहीत नाही.

आता अशा माणसांची मागणी वाढणार आहे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठात विद्यार्थी विकास संचालकाचं पद ठेवलंच आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. नियम पाळला हे दाखवायला कुणाची तरी आठवड्यातून दोन तास भेट ठरवून टाकतील, ही भीती आहेच.

असा अभ्यासक्रम निघेपर्यंत या कामात यायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. करा, नाहीतर समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करा. माझा कल पहिल्याकडे, कारण त्यात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. जागा बहुधा कंत्राटी मिळेल. मुलाखतीत पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराच: बसायला दिलेल्या खोलीचं दार लागतं का, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाचं टेबल आहे का. परीक्षा विभागाचं असेल तर तिथे मुलं फक्त एटीकेटीचंच बोलतील.