पोरीचं नाव गावभर कशाला?

चि. ठकू हिस,


तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री पाहिला आणि पहाटेच लिहायला बसले. तुझ्या दुसरीच्या वर्गातली एवढीशी पोर, पण काय वाचते गं! ओळीखाली बोट धरलेलं, एका जोडाक्षरापाशी अडली आणि आपलं आपणच सुधारून पुढे गेली. तुझी मेहनत दिसते त्यात. पण तिच्या मागे फळ्यावर शाळेचं नाव, गाव, तालुका. खाली तू लिहिलेलं तिचं आडनावासकट पूर्ण नाव. आणि व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्या जगाला खुला! माझ्या छातीत धस्स झालं. तिच्या आईला विचारलं होतंस का?

वाचनासाठी काय वापरू, असं तू विचारलंस. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आहेच, त्यातून ‘दीक्षा’ अ‍ॅप उघडतं. लॉगिन न करता पाहुण्यासारखं वापर, म्हणजे कुणा मुलाचं नाव भरायला नको. धडा घरून उतरवून ने, तुमच्याकडे रेंजची बोंब. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. दुसरीला एवढं पुष्कळ झालं.

ते तुझ्या सहकाऱ्यांनी सुचवलेलं नवं अ‍ॅप मात्र मला पटलेलं नाही. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांचा मोबाइल, वर फोटो. अक्षर गिरवायला जन्मतारीख कशाला लागते? फुकट आहे म्हणून घाई करू नकोस. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरलाय, आणि मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती हवी असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या पालकांना तर हे कुणी सांगतच नाही. बाई म्हणाल्या की ते मान डोलावतात. वरच्या वाडीवर आपण दोघींनी पाहिलंय की हे. तो विश्वास फार मोठा असतो ठकू, आणि त्याच्या जोरावर पोरांची माहिती कुणाच्याही हवाली करायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

आणि हो, यूट्यूब दाखवायला वर्गातल्या टीव्हीला तू स्वतःचा फोन जोडतेस ना? मग तुझ्या खात्यावर घरात जो जे पाहतो, त्याच्याच शिफारशी पोरांसमोर येणार. जाहिरातींचं म्हणशील तर, अमेरिकेत २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला. त्यानंतर मुलांसाठीच्या व्हिडिओंवर कमेंट बंद झाल्या, पाहणाऱ्याचा माग काढून दाखवायच्या जाहिरातीही बंद झाल्या. पण त्यासाठी व्हिडिओवर मुलांसाठीचा शिक्का हवा. बेडकाच्या जीवनचक्राचा एखादा चांगला व्हिडिओ तो शिक्का न लावता चढवलेला असेल, तर मध्येच भलतीच जाहिरात लागू शकते. म्हणून शाळेसाठी वेगळं खातं काढ, पुढचा व्हिडिओ आपोआप लागायचं बंद कर, नोटिफिकेशन बंद ठेव. आणि आधी स्वतः बघ, शेवटच्या सेकंदापर्यंत. निम्मा पाहून ‘चांगला आहे’ म्हणायची तुझी सवय मला ठाऊक आहे!

तुला वाटेल, मावशी घाबरट झाली. झालेय खरी. त्या पोरीचा चेहरा, नाव, गाव एकदा बाहेर गेलं की कुणी उतरवून घेतलं, कुठे चिकटवलं, हे तुला मला कधी कळणारही नाही. ती अकरावीत जाईल तेव्हाही ते कुठेतरी असेल. कौतुक करायचं तर पालकसभेत तिला उभी करून वाचायला लाव, आजी येऊ दे ऐकायला.

व्हिडिओ आजच यूट्यूबवरून काढून टाक, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनही. मग तिच्या आईला भेट आणि झालं ते सरळ सांग. पालकसभा कधी आहे ते कळव. संमतीपत्र साध्या मराठीत मी लिहून देते, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तू वाचून दाखव. कुणी नाही म्हटलं तर त्याच्या पोराला कशातूनही वगळायचं नाही, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेव.

तुझी,
मावशी