समईच्या उजेडात

जुन्या वाड्यातील देवघर काळोखे असते, आणि ते तसेच असावे या हिशेबाने बांधलेले असते. इंदुरातील आमचे देवघरही असेच, माजघराच्या मागे, बिनखिडकीचे. दिवाळीनंतर वाडा पाडावयाचे ठरले आहे. म्हणून यंदाच्या गौरीपूजनाची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम आम्हां भावंडांकडे आले. काकूंची अट एकच होती : फ्लॅश मारावयाचा नाही.

अट रास्त होती. फ्लॅशचा उजेड समोरून सपाट येतो. समईचा उजेड खालून आणि बाजूने येतो, मुखवट्यांच्या गालांवर चढतो आणि मागच्या भिंतीवर सावली टाकतो. फ्लॅशमध्ये नेमकी तीच सावली नाहीशी होते.

गौरी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे त्यांचे चित्र सोपे. कॅमेरा तिपाईवर बसवावा, छिद्र ५.६ वर ठेवावे म्हणजे थोरली व धाकटी दोघी रेखीव येतात, आणि पडदा दोन सेकंद उघडा ठेवावा. बोटाच्या दाबानेही कॅमेरा हादरतो, यासाठी टायमर लावावा. लाला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास याच इंदुरात छायाचित्रणाला आरंभ केला. त्या काळी काचेपुढे माणसांनाही असेच काही सेकंद निश्चल बसावे लागे. जुन्या तसबिरींतील पूर्वजांच्या करारी मुद्रेचे थोडे श्रेय त्या सक्तीलाही द्यावयास हवे!

काकूंना असे कोण बसवणार? वय ब्याऐंशी, हातात निरांजन, आणि हात कापतो. येथे छिद्र १.८ पर्यंत उघडले आणि आयएसओ ३२०० वर नेला, तेव्हा कोठे सेकंदाचा साठावा भाग हाती आला. इतक्या मोठ्या छिद्राला स्पष्टतेची पट्टी वीतभरही उरत नाही. डोळ्यांवरच नेम धरावा लागतो. चित्रात दाणे उमटतात, ते उमटू द्यावेत. दाणेदार चेहरा ओळखू येतो, हललेला येत नाही. कडवे संपताना हात क्षणभर थबके, त्या क्षणाची आम्ही वाट पाहत होतो.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यावर सोपवू नये. काळोख दिसला की तो त्याला उजळू पाहतो, आणि मग ज्योत व पितळ पांढरेफटक होते. आम्ही प्रकाश एक पायरी कमीच ठेवला. पिवळेपणाही स्वयंचलित व्यवस्थेच्या हाती दिला नाही, कारण ती तो धुऊन काढते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी चित्रे पाहिली. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांचे लक्ष गेलेच नाही. "कोनाड्यावरची काजळी आली का रे?" एवढेच त्यांनी विचारले. काकू या घरात आल्या तेव्हाही ती तेथे होती म्हणे. आली आहे, डाव्या बाजूला वर, काळ्यावर काळी, पण डोळा स्थिरावला की दिसते.