तिथीची पाऊणपट

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आम्ही होडीने करंजाला निघालो तो दिवस माघातल्या दशमीचा. साडेसातला खाडी काठोकाठ भरणार, मग ओहोटी होडीला बाहेर नेणार आणि दुपारी पाणी वळलं की भरतीच घरी आणून सोडणार, असा नाखव्याचा हिशेब होता. अष्टमी नुकतीच सरलेली, म्हणजे भांगाचं पाणी. उधाणाची ओढ नाही. नवख्या माणसांना न्यायला हेच दिवस बरे, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं.

होडी त्याची स्वतःची, फायबरची, वर ताडपत्रीचं छप्पर. तो माझ्या नवऱ्याचा ऑफिसातला सहकारी. नोकरी सांभाळून पहाटे जाळं टाकणारा. लाइफ जॅकेटचे बंद त्याने प्रत्येकाचे स्वतः ओढून पाहिले, मगच दोर सोडला. मी सारखी मनगटाकडे बघतेय हे पाहून म्हणाला, "ताय, घड्याल नको बगू, पानी बग."

पाठीमागे उलव्याची टेकडी कापून उभारलेला विमानतळ राहिला. पनवेलची खाडी वर पनवेलपर्यंत जाते. एकेकाळी ते भाताच्या व्यापाराचं नावाजलेलं बंदर होतं. खाली मात्र ती रुंद होत ठाण्याच्या खाडीला मिळते. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत. तिच्या बुंध्याशी पाणी उतरायला लागलं आणि चिखलाची एक काळी पट्टी दिसू लागली. थोड्या वेळाने त्याच पट्टीवर रोहित पक्षी उतरले. चिखल उघडा पडला की त्यांचं जेवण सुरू होतं, त्यामुळे त्यांचाही दिवस भरती-ओहोटीवरच चालतो. वर ऐरोली-भांडुपकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण हे पक्षी अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. भरतीला खाडीतली जागा बुडाली की ते नेरुळच्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणून त्या पाणथळी बुजवू देता कामा नयेत, हे मला तिथे होडीत बसून जितकं पटलं तितकं कुठलाही लेख वाचून पटलं नव्हतं.

अटल सेतूखालून जाताना बोलणं आपोआप थांबलं. 12 जानेवारी 2024 ला खुला झालेला हा पूल सुमारे 22 किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जाणारा. वरून मी गाडीने गेले आहे. कठड्यापलीकडे फार काही दिसत नाही. खालून एकेक खांब जवळ येतो, त्याच्या अंगावर कालवांचा पांढरा थर, त्यावर भरतीची ओली रेघ. ती रेघ होडीच्या काठाच्याही वर आलेली होती. एवढ्यात एवढं पाणी गेलं होतं.

पुढे उजवीकडे घारापुरी, डावीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन. घारापुरीला आम्ही लेणी पाहायला थांबलो नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत आणि समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती 2018 मध्ये. समोर रात्रभर झगमगणारं बंदर 1989 पासून आणि इथे 29 वर्षांनी दिवा.

नाखव्याने इंजिन हळू केलं ते क्रेनसमोर. "आयचा मायेर," म्हणाला. त्याचं आजोळ शेव्याचं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली, तिथे घरांना वाळवी लागली. आजोबांची होडी बांधायचा खुंटा कुठे होता ते त्याने हाताने दाखवलं. तिथे कंटेनरवर कंटेनर रचलेले होते. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनावर 1984 च्या जानेवारीत दास्तान आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. हे मी वाचलेलं होतं. खुंटा दाखवणारा हात पाहिलेला नव्हता.

मोरा बंदर म्हणजे उरणचा दरवाजा. भाऊच्या धक्क्याची लाँच इथूनच सुटते. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, विद्यार्थी, बँकेत जाणारी माणसं, एक नवी नवरी. इथला गाळ ही लोकांची रोजची चिंता. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, फेऱ्या बंद राहतात. एक बाई सांगत होत्या, मुंबईला दवाखान्याची वेळसुद्धा त्या पंचांग बघून घेतात.

उरणच्या टोकाला वळसा घातला आणि होडी पहिल्यांदा उघड्या समुद्राच्या लाटांवर आली. अंगावर तुषार, तोंडात मीठ. मग द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजा. अंगणाअंगणात जवळा वाळत घातलेला, त्याचा वास पाण्यावर दूरपर्यंत येतो. समोर धरमतर खाडीच्या पलीकडे रेवस, अलिबाग तालुका. करंजाहून रेवसला तरीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. रस्त्याने वडखळवरून जायचं तर दोन तासांचा फेरा. आम्ही आमची होडी करंजाला नांगरली आणि मुद्दाम तरीने रेवसला गेलो. बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. परत आलो तोवर पाणी वळलं होतं आणि नांगराचा दोर उलट्या दिशेला ताणला गेला होता. येताना भरतीने खरोखरच ढकलत आणलं. दिवस मावळायच्या आत बेलापूरचा धक्का दिसला.

बेलापूरहून जलटॅक्सी 2022 मध्ये सुरू झाली, नेरुळलाही धक्का बांधून झाला. धक्के चांगले आहेत. पण परवडणारं भाडं आणि रोजची ठरलेली फेरी असल्याशिवाय ते रिकामेच राहणार. मोऱ्याची लाँच भरून जाते, कारण ती गरजेची आहे आणि खिशाला झेपते. गाळ वेळेवर काढा, भाडं आवाक्यात ठेवा, एवढीच या किनाऱ्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे.

करंजा-रेवस पुलाचं काम सुरू झालं आहे. तो झाला की तरीचं काय होईल ते दिसतंच आहे. मुलांना घेऊन त्याआधी एकदा त्या तरीने जाऊन या. पावसाळा टाळा आणि निघण्याआधी तिथी बघा.