आगळाची बाटली

प्रवासाला निघताना आपले पाणी आपण बरोबर घ्यावे, हा आमच्या घराण्यातला जुना दंडक. आजोबा मुंबईहून कोकण बोटीने विजयदुर्गास जावयास निघत, तेव्हा भाऊच्या धक्क्यावर ट्रंक आणि वळकटी ते खुशाल हमालाच्या डोक्यावर देत. पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या मात्र स्वतःच्या हातात ठेवीत. बोटीवर पाणी मिळत नसे असे नव्हे. पण ते बोटीचे पाणी, आणि तांब्यातले घरचे! हा भेद आजोबांना जितका स्पष्ट होता तितका मला राहिला नाही. दर तीन-चार वर्षांनी ज्याचे गाव बदलते त्याला घरचे पाणी कोणते हेच हळूहळू समजेनासे होते. परमुलखात नोकरी केलेल्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.

सीमाशुल्क खात्याच्या नोकरीत मी काही वर्षे जयपूरला होतो. तेथील सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन अजस्र रांजण आहेत. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस निघाले, तेव्हा परदेशचे पाणी पिण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी अशा रांजणांतून गंगाजल बरोबर नेले. त्यासाठी ‘ऑलिंपिया’ नावाची अख्खी आगबोटच त्यांनी भाड्याने घेतली होती. इतर प्रेक्षक चांदीकडे पाहत होते. माझ्या मनात मात्र धंद्याचा प्रश्न आला : चढताना ह्या रांजणांची तपासणी कोणी केली असेल? उत्तर उघड होते. ज्याची बोट, त्याचा नियम.

हे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी सिंगापूरच्या धक्क्यावर पुन्हा आठवले. मी सेवानिवृत्त झालो म्हणून तेथे नोकरीला असलेल्या मुलाने आम्हां उभयतांसाठी पेनांग-फुकेतची चार रात्रींची जलसफर ठरविली होती. ज्याला हल्ली ‘क्रूझ’ म्हणतात ती. मी सवयीप्रमाणे नियमावली आधी वाचून काढली. दर प्रौढ प्रवाशास वाइनची ७५० मिलिलिटरची एक मोहोरबंद बाटली नेता येईल. ती भोजनगृहात उघडल्यास बूच काढण्याचे पैसे वेगळे. इतर मद्य नाही, आणि घरून भरून आणलेले कोणतेही पेय नाही.

नियमामागील हिशेबही मला ठाऊक होता. अशा जहाजाचे भाडे वरवर स्वस्त असते, परंतु मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा भाड्याबाहेरून येतो : पेये, जुगारगृह, किनाऱ्यावरच्या सहली. म्हणजे उतारूची तहान हे जहाजाचे शेतच म्हणावयाचे, आणि कोणता शेतकरी आपल्या शेतात दुसऱ्याची गुरे शिरू देईल? उतारूही काही कमी नाहीत. चूळ भरण्याच्या औषधाच्या बाटलीत ते रंगविलेली जिन भरतात. कपड्यांच्या घडीत दिसू नयेत अशा चपट्या पिशव्यांतून रम नेतात. पांढरे मद्य पाण्यासारखेच दिसते म्हणून काही कंपन्यांनी २०१५ साली उतारूंच्या पाण्याच्या बाटल्याही बंद केल्या. हे सारे वाचताना मला, खरे सांगतो, दोन्ही पक्षांविषयी कौतुक वाटले. चोर आणि पहारेकरी यांनी एकमेकांना हुशार करीत नेण्याचा हा खेळ मी तीस वर्षे जवळून पाहिला होता.

धक्क्यावर सामान यंत्रातून गेले आणि पहारेकऱ्याने आमची पेटी बाजूला घेतली. त्याने लुगड्यांच्या घडीतून जी वस्तू बाहेर काढली ती पाहून मला घाम फुटला. ती व्हिस्कीची बाटली होती, आणि आत काळसर तांबडे काहीतरी गच्च भरलेले होते.

कोकणातल्या वाचकांना उलगडा झालाच असेल. ते आगळ होते. रातांब्याचा मीठ घातलेला रस. आगळ ठेवावयास जाड काचेची, घट्ट बुचाची बाटली लागते, आणि तशी बाटली कोठल्या धंद्यात निर्माण होते हे जगजाहीर आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मद्याला शिवले नाही, त्या घरच्या फडताळातही अशा बाटल्यांची रांग निःशंक उभी असते. सौभाग्यवतीच्या माहेराहून, देवगडाकडून, दर मे महिन्यात अशी एक बाटली आमच्या मागोमाग कलकत्त्याला, जयपूरला, कोचीला येत असे. कोचीला शेजारणीने कौतुकाने कुडमपुळी आणून दिली, तेव्हा ही म्हणाली होती, “भावकीतली आहे, पण घरची नव्हे.”

पहारेकऱ्याने बूच काढून वास घेतला आणि त्याचा चेहरा आंबट झाला. हे मद्य नव्हे, हे त्याला पटले; पण तेच आमच्या विरुद्ध गेले. मोहोरबंद मद्य असते तर जाऊ शकत होते. घरचे आंबट पाणी जाऊ शकत नव्हते.

“अहो, तुम्ही सांगा ना त्यांना,” ही म्हणाली. “तुमच्याच जातकुळीतले दिसतात.”

मी सांगितले, पण तिला. “नियम आहे. सर्वांना सारखाच.”

बाटलीला चिठ्ठी बांधली गेली. सफर संपल्यावर ती परत मिळणार होती. हिने पावतीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “ठेवा. फायलीला लागेल.”

जहाजावर लिंबाचे सरबत फुकट होते. ही तेच पीत राहिली. तिचे मन रमावे म्हणून मी तिला सांगितले, की येथले पाणी समुद्राचेच केलेले असते. इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून, किंवा बारीक पडद्यांतून दाबून, त्यातले मीठ काढून टाकतात. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मीठ काढलेलं चालतं. मीठ घातलेलं तेवढं कुलपात.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. केरळातल्या एका विमानतळावर मी कामावर असताना आखातातून कायमचा परतलेला एक वयस्क कामगार माझ्यापुढे उभा राहिला होता. त्याच्यापाशी तीन लिटर मद्य होते, परवानगी दोनची. तिसऱ्या बाटलीवरचा कर तिच्या किमतीहून जास्त होत होता. ती आपण मेहुण्यासाठी आणली आहे, त्याने माझ्यामागे माझे घर उभे केले, असे तो सांगू लागला. मी म्हणालो, “नियम सर्वांना सारखाच.” त्याने बाटली टेबलावर ठेवली, हात लुंगीला पुसले आणि तो गेला. मी चुकलो नव्हतो. आजही तसेच वागलो असतो. पण इतक्या वर्षांत त्या माणसाची मला एकदाही आठवण झाली नव्हती, आणि हे मात्र मला बरे वाटेना.

दुसऱ्या दिवशी जेवताना वाढणाऱ्या मुलाने आमचे बोलणे ऐकले आणि हळूच विचारले, “काकू, तुमी खंयच्या?” तो वेंगुर्ल्याचा निघाला. हिच्या तोंडची मालवणी मी कित्येक वर्षांनी ऐकली. तो सात महिने समुद्रावर होता. पहिल्या खेपेला आईने त्यालाही आगळ बांधून दिले होते. तेही असेच दारात राहिले.

“आपली बाटली ह्याला द्या,” ही मला म्हणाली. “आपण काय, घरी जाऊन पिऊ.”

मी गेलो. आयुष्यात प्रथमच मी कोणाकडे नियमाला मुरड घालण्याची विनंती केली. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले, दिलगिरी दर्शविली आणि म्हणाला, की नियम सर्वांना सारखाच आहे. उच्चारात सौजन्य होते. शब्द सारे माझे होते.

शेवटच्या संध्याकाळी हिने आपल्या पिशवीतून आमसुलांचा एक पुडा काढला आणि त्या मुलाच्या हातात ठेवला. “गरम पाण्यात घाल, वर साखर आणि मीठ.” तो पुडा यंत्रातून राजरोस आला होता. जकातीच्या सूचीत फळे ८व्या प्रकरणात येतात, वाळविलेली फळेही तेथेच. पेये येतात २२व्या प्रकरणात. एकाच झाडाचे एकच फळ, पण ओले असताना जे अडते ते सुकल्यावर सुटते. हे वर्गीकरण मी जन्मभर इतरांना समजावले. त्याचा उपयोग हिने केला.

कर्मचाऱ्याने उतारूकडून असे काही घ्यावे की नाही, याविषयीही कोठेतरी नियम असेलच. मी तो विचारला नाही.