आमच्या वर्गाचा ताळेबंद

नाशिकच्या कॉलेज रोडवरील बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालयातून १९९५ साली बी. कॉम. होऊन बाहेर पडलेल्या आमच्या तुकडीला गतवर्षी तीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने स्नेहमेळावा घ्यावा आणि सर्वांची माहिती देणारी एक छोटी परिचय पुस्तिका छापावी, असे ठरले. माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. अर्जात पाच रकाने होते: नाव, गाव, व्यवसाय, कुटुंब आणि प्रवास. दोन महिन्यांत साठाहून अधिक अर्ज माझ्या टेबलावर जमा झाले, आणि ते वाचता वाचता एका पिढीच्या व्यापाराचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहिला.

आम्ही १९९२ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा उदारीकरणाला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि शेअर बाजारातील हर्षद मेहता प्रकरण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय सिन्नरच्या विडी उद्योजकांचे नाव धारण करते. व्यापाऱ्याच्या पैशातून विद्येचे घर उभे राहू शकते, हा पहिला धडा आम्हांला दारावरच्या पाटीनेच दिला. वर्गात रविवार कारंजा, मेन रोड, भांडी बाजार आणि सराफ बाजार येथील दुकानदारांची मुले होती. मनमाडहून कोणी रेल्वेने येई, तर येवला, निफाड, लासलगाव येथून कोणी एस. टी. ने. काही जण चांदवडच्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमात शिकून आलेले होते. १९२८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने जिल्ह्यातील किती व्यापारी घरांना पहिला पदवीधर मिळवून दिला असेल, याची गणतीच करता येणार नाही. जमाखर्च आम्ही हातानेच शिकलो. रोजमेळ, खतावणी, तेरीज आणि शेवटी ताळेबंद. दोन्ही बाजूंची बेरीज जुळेपर्यंत पेन खाली ठेवायचे नाही, ही सवय तिथेच लागली.

आता मित्रांचे अर्ज पाहा. लासलगावचा मित्र वडिलांच्या आडत दुकानावर बसला आणि पुढे कांद्याचा निर्यातदार झाला. त्याच्या प्रवासाच्या रकान्यात दुबई, कोलंबो, क्वालालंपूर अशी नावे आहेत, पण त्याखाली त्याने लिहिले आहे की यांपैकी एकही सफर हौसेची नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या महिन्यांत जुने ग्राहक टिकवण्यासाठी तो रिकाम्या हाताने दोनदा दुबईला जाऊन आला. द्राक्षांच्या व्यापारात शिरलेल्या दुसऱ्या मित्राने युरोप प्रथम पाहिला तो २०१० साली, रॉटरडॅमच्या एका शीतगृहात. त्या हंगामात क्लोरमेक्वाट या द्रव्याचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर तेथे अडकले होते. पिशवीतील खाकरे आणि मेथीचे ठेपले यांवर त्याने अकरा दिवस काढले, आणि परत आल्यावर प्रत्येक बागेची तपासणी काढणीपूर्वीच करून घेण्याची पद्धत लावली.

भांडी बाजारातल्या मित्राच्या घरी पितळ होते, त्याने स्टील आणले आणि आज तो हॉटेलांना लागणारी सामग्री पुरवतो. चीनमधील ग्वांगझौचा मेळा त्याला रामकुंडाइतकाच परिचित झाला आहे. एकाच्या वडिलांकडे रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांची एजन्सी होती. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्याच्या माळरानावर सुरू केलेल्या त्या उद्योगाचा मिठाईचा ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सकडे गेला, तेव्हा या मित्राने सर्वांना एक-एक ‘पान पसंद’ कुरियरने पाठवले होते. चौघे सनदी लेखापाल झाले. दोघे अमेरिकेत आहेत. जकात गेली, एलबीटी आला आणि गेला, ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. या सगळ्यांतून आमचा वर्ग तरला, वाढला. वाचताना अभिमान वाटला.

त्यानंतर मी वर्गमैत्रिणींचे अर्ज हाती घेतले. ते चौदा होते. चौदांपैकी अकरा जणींनी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले होते आणि दोघींनी आडवी रेघ मारली होती. एकीने मात्र ‘शिक्षिका’ असे लिहिले होते. प्रवासाच्या रकान्यात शिखरजी, पालिताणा आणि मुली-सुनांच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सी किंवा डॅलस येथे काढलेले सहा-सहा महिने. गृहिणी हा शब्द कमीपणाचा आहे असे मी मुळीच मानत नाही. घर चालवणे हे दुकान चालवण्याहून सोपे नाही. पण यांपैकी अनेकींशी माझे अधूनमधून बोलणे असे, आणि मला ठाऊक होते की त्या शब्दाखाली दुसराही एक जमाखर्च झाकला गेला आहे.

मेळाव्याच्या दिवशी तो उघड झाला. अनेकांचा चौविहार असल्याने जेवण पाच वाजताच ठेवले होते आणि त्यानंतर गप्पांना निवांत वेळ मिळाला. येवल्याची मैत्रीण सहज म्हणाली, ‘‘महिन्याची वीस तारीख जवळ आली की मला पाहुणे नकोसे वाटतात.’’ जीएसटीचे मासिक विवरण वीस तारखेपर्यंत भरायचे असते, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. आठ वर्षांपासून पेढीची सगळी विवरणे तीच भरते. दुसरी दर शनिवारी उधारीची यादी काढून फोन लावते. तिच्या आवाजाला गिऱ्हाईक नाही म्हणत नाही, अशी तिच्या दिरांचीच साक्ष आहे. तिसरीने पतीच्या बायपासनंतर सात महिने कापडाचे दुकान एकटीने सांभाळले. या तिघींच्या अर्जांवर ‘गृहिणी’ हाच शब्द होता. आणि त्यांचे एकही नाव पेढीच्या कोणत्याही कागदावर नव्हते.

व्यवसायाच्या रकान्यात रेघ मारणाऱ्या दोघींपैकी एक ही आमच्या वर्गातील सर्वांत हुशार विद्यार्थिनी. परिव्यय लेखाशास्त्रात तिला मिळालेले गुण आमच्या तुकडीत कोणालाही गाठता आले नाहीत. लग्नानंतर ती जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी गेली. पतीचे लोखंड, पत्रे आणि सिमेंट यांचे दुकान होते. पती गिऱ्हाईक पाहत, हिशेब ही पाहत असे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. वय एक्कावन्न.

पुढचे तिने त्या संध्याकाळी जसे सांगितले तसे लिहिते, तिच्या अनुमतीने. दुकान एकट्या पतीच्या मालकीचे होते. अशा पेढीला कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. मालक गेला की त्याच्या पॅनवरची जीएसटी नोंदणी रद्द करावी लागते, वारसाला आपल्या नावाने नवी घ्यावी लागते आणि शिल्लक राहिलेले कराचे क्रेडिट आयटीसी-०२ हा अर्ज भरून नव्या नोंदणीकडे वळवावे लागते. बँकेचे खाते गोठले. पावसाळा तोंडावर होता. पत्रे आणि पाइप यांच्या मागणीचे तेच दिवस. गोदामात माल होता, गावभर उधारी होती, कोणाकडे किती येणे आहे हे तिला तोंडपाठ होते. परंतु तिच्या सहीला किंमत नव्हती. बँकेतील अधिकारी सौजन्याने बोलत, चहा विचारत आणि वारसाची कागदपत्रे मागत. सासूबाई, मुलगा, मुलगी आणि ती स्वतः असे चार वारस. कोणाचा कोणाशी वाद नव्हता, तरीही सर्व कागद पूर्ण होण्यास आठ महिने लागले.

या आठ महिन्यांत दुकान चालले ते जालन्याच्या एका लोखंड व्यापाऱ्यामुळे. त्याने रोख न घेता दोन गाड्या माल पाठवला. तिने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ताई, बारा वर्षे बाकीचा मेळ मी तुमच्याशीच घालतोय. साहेबांशी माझे फक्त रामराम होते. तुम्ही सांगितलेला आकडा कधी चुकला नाही.’’ पत तिची होती. कागदावर मात्र ती कोणीच नव्हती. हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ती इतकेच म्हणाली, ‘‘दुःख करायला सवड हवी होती. ती सवड कागदांनी खाल्ली.’’

तिथे बसलेले आमचे व्यापारी मित्र, एरवी कोणाला बोलू न देणारे, बराच वेळ गप्प होते. मग लासलगावच्या मित्राने तेथूनच आपल्या मुलाला फोन लावला आणि भागीदारी पत्राची प्रत पाठवण्यास सांगितले.

आपल्या समाजात स्त्रियांचे नाव पेढीवर घालण्यास संकोच असतो, त्याची कारणे मला परकी नाहीत. भांडवल फुटू नये, घर एक राहावे, उद्या मुलगी दुसऱ्या घरी गेली तर व्यवहार गुंतू नये, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. तथापि नाव न घातल्याने ती भीती टळत नाही. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आहे. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणजे हक्क आहेच. प्रश्न उरतो तो जबाबदारीचा आणि सहीचा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, पत्रात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या निधनाने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील तर पत्रात काहीही लिहिलेले असले तरी उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही.

आमच्या घरची भुसार मालाची पेढी अशीच दोघांची होती, सासरे आणि यजमान. मेळाव्यानंतरच्या रविवारी मी दादांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, मैत्रिणीची हकीकत सांगितली. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी तिजोरीतून पत्र काढले, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हे, नातीबद्दल केला. तिचे एम. कॉम. झाले आहे आणि वर्षभरापासून ती रोज चार तास दुकानात बसते. ‘‘हिचे लग्न झाले की?’’ यावर नातीनेच उत्तर दिले, ‘‘दादा, निवृत्त होण्याचे कलम सगळ्यांना एकच असते. काका मुंबईला गेले तेव्हा तेही बाहेर पडलेच की.’’ दादा लगेच हो म्हणाले नाहीत. भांडवलाचा वाटा आणि नफ्याचा वाटा वेगवेगळा ठेवता येतो, काम करणाऱ्या भागीदाराला ठरावीक मेहनताना देता येतो, हे त्यांनी आमच्या सनदी लेखापालांकडून दोनदा समजून घेतले. नंतर पंधरा दिवस त्यांनी विषयच काढला नाही. एका सकाळी देवदर्शनाहून परतल्यावर चपला काढता काढता म्हणाले, ‘‘चार नावांचे पत्र करा. माझा नफ्याचा वाटा कमी करा, हिचा लिहा.’’ १ एप्रिलपासून नवे पत्र लागू झाले आहे.

परिचय पुस्तिका मात्र मेळाव्यात वाटता आली नाही, कारण मीच छपाई थांबवली होती. त्या संध्याकाळनंतर सात जणींनी आपले अर्ज परत मागितले. येवल्याच्या मैत्रिणीने ‘गृहिणी’ हा शब्द तसाच ठेवून त्यापुढे ‘आणि पेढीचा हिशेब’ एवढे वाढवले. दोघींनी काहीच बदलले नाही, तोही त्यांचा अधिकार आहे. हुशार मैत्रिणीने रेघ खोडून ‘लोखंड व सिमेंट, घाऊक आणि किरकोळ’ असे लिहिले, आणि प्रवासाच्या रकान्यात ‘जालना, वर्षातून दोनदा’.

येत्या दिवाळीला वह्यापूजन होईल. त्यापूर्वी एखाद्या निवांत दुपारी आपल्या पेढीचे भागीदारी पत्र काढावे, नसेल तर जीएसटीचे प्रमाणपत्र काढावे, आणि घरातील सर्वांसमोर त्यातील नावे मोठ्याने वाचावीत. रोज संध्याकाळी रोजमेळ कोण जुळवते, हे घरात सर्वांना ठाऊक असते. ते नाव त्या कागदावर आहे का, एवढेच पाहायचे आहे.